न बघायचा माणूस

मेनी फार्म्स,
शनिवार, १० सप्टेंबर १९९४

बाबा,

दोन वर्षांत मी तुम्हाला अकरा पत्रं लिहिली आणि त्यातली चार पाठवली. हे पाठवते आहे, कारण यात तारीख आहे.

५ ऑक्टोबरला, बुधवारी, आजीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे. डोळ्यांचे सर्जन इकडे वर्षातून दोनदाच येतात. ते म्हणाले, मोतीबिंदू पिकून कडक झालाय, वसंतापर्यंत थांबलात तर मलाही खात्री देता येणार नाही. आजीला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. मेंढ्या ती हातांनी मोजते.

सगळे कागद मी भरले. तिचा अंगठा तेवढा राहिला आहे. शाईची डबी पुढे केली की ती हात शालीत घालून बसते.

"आधी लाल खडकांतून एक चक्कर," म्हणते. "मग अंगठा."

आई वैतागली. "तुला दिसतंय काय, की चक्कर मारायचीय?"

"तुला दिसतं ना सगळं? तू कधी गेलीस बघायला?"

आईनं गाडीची किल्ली माझ्यापुढे टाकली. तुमचीच निळी गाडी. ब्रेकचं काम करून घेतलंय.

रस्ता आजीनं स्वतः ठरवला. केयेंटा, मग उंच खडक, मग सान हुआन नदी, मग मोकीचा घाट चढून वर सीडारच्या पठारावर. "आणि पुढे?" मी विचारलं. "पुढचं पुढे," ती म्हणाली. पठारावरून तो रस्ता पश्चिमेला हँक्सव्हिलला जातो. तुम्ही तिथे रस्त्याच्या कामावर आहात हे मी तिला सांगितलेलं नाही. आईनं सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

मी उगाच काळजी करते असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या रीतीप्रमाणे सासूनं जावयाला बघायचं नाही, जावयानं सासूला बघायचं नाही, बघितलं तर डोळे जातात, हे मी तुम्हा दोघांकडूनच शिकले. बावीस वर्षं तुम्ही तिच्या दारापासून साठ पावलांवर राहिलात. ती खोकत बाहेर पडायची आणि तुम्ही मेंढवाड्याच्या मागे व्हायचात. तुमची कुऱ्हाड थांबली की ती म्हणायची, "दमला वाटतं." शाळेत मी हे कुणाला सांगत नसे. सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, घरात भांडण आहे. भांडण कधीच नव्हतं. इतक्या वर्षांत तुम्ही एकमेकांबद्दल एक वाईट शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. एकदा तिनं तुमच्या मेंढ्या कातरण्याला नावं ठेवली होती, तेवढंच.

मग माझ्या पदवीच्या दिवशी फोटोच्या वेळी गडबड झाली आणि तुम्हा दोघांची नजरानजर झाली. त्याच हिवाळ्यात तिला धुकं दिसायला लागलं आणि तुम्ही निघून गेलात. सर्जन म्हणतात, मोतीबिंदू आठ-दहा वर्षांपासून वाढत असणार. मी सातवीच्या मुलांना गाईचा डोळा कापून आतलं भिंग दाखवते, ते पांढरं कसं होतं हे फळ्यावर काढून दाखवते. मागच्या पत्रात हे सगळं आकृतीसकट लिहिलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही.

आईनं तुमचं खोगीर अजून दाराबाहेर ठेवलेलं नाही. बायकोनं खोगीर बाहेर ठेवलं की संसार संपला, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी विचारलं तर म्हणते, जड आहे.

२४ तारखेला निघतो आहोत.

तुमची,
ऑर्लिंडा


ओल्हातो,
शनिवार, २४ सप्टेंबर

बाबा,

उद्या रविवार, टपाल बंद. तरी लिहून ठेवते.

पहाटे आजीनं पूर्वेकडे तोंड करून मक्याचे पराग वाहिले आणि मगच गाडीत बसली. मी तिचा पट्टा बांधला. तिनं तो सोडला. मी परत बांधला. केयेंटापर्यंत हेच चाललं होतं.

केयेंटाच्या पुढे रस्ता उत्तरेला वळतो तिथे मी सांगणार होते, आता खडक सुरू होतील. तेवढ्यात तीच म्हणाली, "उजवा गाल गार पडला. लोकरीचा खडक आला."

खरंच त्या काळ्या सुळक्याची सावली रस्त्यावर आडवी पडली होती आणि आम्ही तिच्यातून चाललो होतो.

"आता ऊन आलं. आता डावीकडे घुबड बसलंय ना?"

"बसलंय. दगडाचं."

"मग काय उडून जाणार होतं का?"

असं करत तिनं मला ओल्हातोपर्यंत आणलं. गाडी मी चालवत होते, रस्ता ती. कुठे उतार लागतो, कुठे वाळू रस्त्यावर येते, सगळं तिला पाठ आहे. मी मात्र दर दहा मैलांनी तापमानाचा काटा बघत होते. तुम्ही सांगितलं होतं तसं हीटर लावून इंजिन गार ठेवलं. आजी म्हणाली, "तुझ्या बापानं गाडी शिकवली की स्वयंपाक?"

उंच खडकांपाशी थांबलो. पर्यटकांच्या तीन बसेस होत्या. मी आजीला सांगितलं की त्या दोन मोठ्या खडकांना ते लोक हातमोजे म्हणतात.

"हातमोजे? एवढ्या उन्हात?"

ती गाडीला टेकून उभी होती. जांभळा मखमली झगा, हिरव्या मण्यांच्या माळा, मागे लाल खडक. एक बाई कॅमेरा घेऊन आली. बोलायला चांगली होती. मला म्हणाली, तुमच्या आजींचा एक फोटो घेऊ का?

"काय म्हणते ही?" आजीनं विचारलं.

"तुझा फोटो काढू का विचारते."

"ती मला दिसते का?"

"नाही."

"मग मी तिला का दिसावं?"

मी त्या बाईला एवढंच सांगितलं की नको म्हणतात. ती माफी मागून गेली. मग आजी खडकांकडे तोंड करून म्हणाली, "माझा एक फोटो निघालाय. तेवढा पुरे."

माझ्या हातातून किल्ल्या पडल्या. मी त्या वाळूत शोधत बसले. सापडल्यावरही थोडा वेळ शोधत राहिले.

आज मावशीकडे मुक्काम आहे. मटणाचा रस्सा आणि तळलेली भाकरी. मावशीनं तुमचं नाव काढलं नाही. तिनं ताट वाढताना एक जास्त घेतलं आणि मग परत ठेवलं. मोजताना चुकली असेल.

ऑर्लिंडा


मोकीच्या घाटावर,
रविवार, २५ सप्टेंबर, संध्याकाळ

बाबा,

घाट चढलो. गाडीला काही झालेलं नाही. हे आधी लिहिते म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

मेक्सिकन हॅट गावात पेट्रोल भरलं, नदीवर बसून कॉफी प्यायलो. मग तो उभा लाल कडा समोर आला. जवळ जाईपर्यंत त्यावर रस्ता आहे असं वाटतच नाही. तीन मैल खडी, वळणावर वळण, कडेला कठडा नाही. मी पहिल्या गिअरमध्ये निघाले.

"घाबरलीस की तू बोलत नाहीस," आजी म्हणाली. "बोल काहीतरी."

"समोरून गाडी आली तर?"

"चढणाऱ्याला आधी वाट. शिकवलं नाही तुझ्या बापानं?"

"शिकवलंय."

"मग झालं."

पाचव्या वळणावर समोरून गाडी आली. घरासारखी मोठी, राहायची गाडी. चालवणारे म्हातारे गृहस्थ स्टिअरिंगला चिकटून बसले होते आणि शेजारी त्यांची बायको डोळ्यांवर हात धरून रडत होती. चढणाऱ्याला आधी वाट हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना मागे जाताच आलं नसतं. मलाच मागे जावं लागणार होतं.

"मागे चाललोय का आपण?" आजीनं विचारलं.

"हो. गप्प बस जरा."

"दरी कुणाच्या बाजूला?"

"तुझ्या."

तिनं खिडकीची काच खाली केली, पट्टा सोडला आणि डोकं बाहेर काढलं. मी ओरडले. ती म्हणाली, "तू आरशात बघ. मी ऐकते." मग तिचा आवाज बाहेरून येत राहिला. "ये. ये. खडी दाट आहे, ये. थांब! एक दगड खाली गेला. अजून वाजतोय. डावीकडे घे. अजून. आता ये."

साठ फूट असतील. मी आधी शंभर लिहिलं होतं, ते खोडलं. रुंद जागा मिळाली, मी गाडी कड्याला लावली, ती मोठी गाडी आमच्याजवळून इंच इंच सरकत गेली. त्या बाईंनी काच खाली करून आजीला देव तुमचं भलं करो असं म्हटलं. मी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "तिला सांग, नवऱ्याला पायी चालायला लाव."

वर पोचेपर्यंत मी दुसरा गिअर टाकला नाही. आजी मात्र खुशीत होती. वर पठाराच्या टोकाला आम्ही तळ टाकलाय. इथून नदीची वळणं दिसतात, त्यापलीकडे कालचे खडक, अंगठ्याएवढे. मी तिला सांगत होते, आता तांबडे झाले, आता गुलाबी, आता जांभळे. ती म्हणाली, "जांभळे एवढ्यात नाही व्हायचे. तू घाई करतेस." मी परत बघितलं. जांभळे नव्हते.

अजून उजेड आहे तोवर मला एक गोष्ट लिहायची आहे. ती त्या न पाठवलेल्या सात पत्रांतही होती.

फोटोच्या वेळी गडबड झाली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मोटेलवर आजीनं मला सांगितलं होतं, "आम्हा दोघांच्या मध्ये माणसांची भिंत ठेव, बाई." तुम्हीही गाडी लावताना तेच सांगितलंत. मी दोघांनाही हो म्हटलं. समारंभात तुम्ही एका टोकाला बसलात आणि ती दुसऱ्या टोकाला, सगळं नीट झालं. मग हिरवळीवर माझ्या खोलीतल्या मुलीचे आईबाप, आजीआजोबा, सगळे एका रांगेत फोटोला उभे राहिले. ती मला म्हणाली, "तुझ्या घरच्यांचं एकमेकांशी पटत नाही का?" तिच्या मनात काही नव्हतं. पण मला लाज वाटली. तुमची नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगते आहे. तुमचीच वाटली. त्या दिवशी मला आपली रीत म्हणजे एखादं व्यंग वाटलं.

मी तुम्हाला निरोप पाठवला की आई मोठ्या झाडापाशी बोलावते आहे, डावीकडून या. आई तिथे नव्हती. आजीचा हात धरून मी तिला त्याच झाडापाशी नेलं आणि तुम्ही आलात तेव्हा तिला वळवलं. फोटोवाल्याला "आता" म्हणणारी मीच.

तुम्ही घर सोडताना आईला म्हणालात, मी चुकीच्या बाजूनं आलो, माझ्यामुळे म्हातारीचे डोळे गेले. मी दाराआड उभी होते. तुम्ही मी सांगितलेल्या बाजूनं आला होतात. दार ढकलून एवढं एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. भिंगाची आकृती काढून पाठवली.

मोतीबिंदू जुना आहे हे खरंच आहे. ते मी अजूनही खरं मानते. पण ते लिहिताना मला माझी सुटका हवी होती, तुमची नाही.

आजी हाक मारते आहे. जांभळे झाले असतील.

ऑर्लिंडा


हँक्सव्हिल, कामगारांचा तळ,
सोमवार, २६ सप्टेंबर, दुपारी तीन

बाबा,

मी तुमच्या ट्रेलरच्या पायरीवर बसून लिहिते आहे. तुमचे सोबती ड्युई यांना विचारलं, माझे बाबा कुठे? ते म्हणाले, विल्फर्ड रस्ता सपाट करायचा ग्रेडर घेऊन गेलाय, चारला येतो. ही सगळी पत्रं मी त्यांच्याकडे देणार आहे. तुम्ही आधी ती तारखेप्रमाणे वाचा. तोवर आम्ही समोर दिसणार नाही.

इथे यायचं हे मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. पठारावरून मी गाडी घराकडे वळवायला निघाले तर आजी म्हणाली, "दुसरीकडे. सूर्य पाठीवर घे."

"तिकडे कोण राहतं माहीत आहे ना तुला?"

"मी आंधळी आहे. बहिरी नाही."

मी गाडी पश्चिमेला घेतली. नव्वद मैल लाल कड्यांमधून रस्ता जातो, एक माणूस भेटला नाही. कोलोराडोच्या पुलावर पाण्याचा वास आला तेव्हा ती म्हणाली, थांब. आम्ही पुलाच्या टोकाला उतरलो. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी काल रात्री तुम्हाला जे लिहिलं (रात्री नव्हे, संध्याकाळी) ते तिला सांगितलं. झाड, खोटा निरोप, सगळं.

ती पिन्यॉनच्या झाडाच्या बिया दातांखाली फोडत ऐकत होती. मग म्हणाली, "संपलं?"

"हो."

"मला माहीत होतं. माझा हात तूच धरला होतास ना? तुझा हात मला कळत नाही का? घामानं भिजला होता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला माझंही सांगावं लागलं असतं."

पुढचं तिनं मला लिहायला सांगितलं आहे. तिच्याच शब्दांत लिहिते.

"पोरीनं मला वळवलं. पण पोरीनं माझ्या पापण्या धरल्या नव्हत्या. पायांचा आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं कोण आहे. बावीस वर्षं ऐकलेले पाय. डोळे मिटायला मला भरपूर वेळ होता. मिटले नाहीत. माझ्या लेकीला इतकी वर्षं लाकडं फोडून देणारा माणूस दिसतो तरी कसा, असं वाटलं. बघितला. कान मोठे आहेत. बाकी ठीक आहे."

मी म्हटलं, "आजी, कानांचंही लिहू?"

"कानांचं आधी लिही."

मग तिनं ऑपरेशनचं सांगितलं. माझा अंदाज होता की तिला सुरीची भीती वाटते. तसं नाही. ती म्हणते, "डोळे परत घेऊन करू काय? दारातून बाहेर पडताना खोकायचं कुणासाठी? पाठ कुणाकडे करायची? ज्याला बघायचं नाही तो माणूसच घरी नाही. आंधळीनं एखाद्याकडे बघितलं नाही, तर त्यात मान कसला?"

म्हणजे बाबा, तुम्ही घरी परत येणार असलात तर ती अंगठा देणार. नाही म्हणालात तर देणार नाही. मी तिला म्हटलं हे बरोबर नाही, माणसावर असं ओझं टाकू नये. ती म्हणाली, "तो दोन वर्षं माझे डोळे डोक्यावर घेऊन फिरतोय. ते काय हलकं आहे?"

आणि आत्ताच का, हेही तिनं सांगितलं. ऑपरेशन झालं की तुम्हाला तिच्यासोबत एका गाडीत बसता येणार नाही. आज येतं. म्हणून तिला तुमच्यासोबत एकदा या रस्त्यानं जायचंय, तुम्ही चालवायचं, मी मध्ये बसायचं. "पोरीचं चालवणं मी दोन दिवस सोसलं," म्हणाली. घाटाबद्दल तिनं काही म्हटलं नाही.

गाडी तळाबाहेरच्या वळणावर आहे, तोंड घराकडे. आजी उजव्या खिडकीशी बसली आहे. मी सहापर्यंत थांबेन असं ठरवलं होतं. आता लिहिताना वाटतं, अंधार पडेपर्यंत थांबेन.

तुम्ही आलात तर मला काही बोलू नका. रागावायचं असेल तर घरी गेल्यावर रागवा. मी तुमच्या जागी असते तर रागावले असते.

ऑर्लिंडा


मेनी फार्म्स,
रविवार, ९ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं काम पहिल्या बर्फापर्यंत आहे आणि तुम्ही दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी येणार, हे मी आईला परत एकदा सांगितलं. ती म्हणाली, मला त्यांनीच सांगितलंय, तू मध्ये पडू नकोस. हँक्सव्हिलहून आलो त्या दिवशी तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा ती तुम्हाला फक्त "आलात? पाण्याची पिंपं रिकामी आहेत" असं म्हणाली, याचं मला वाईट वाटलं होतं. पण तुम्ही पिंपं भरायला गेल्यावर तिनं घरातली सगळी भांडी घासायला काढली. स्वच्छ होती ती.

प्रवासात काय काय बोलणं झालं ते आई विचारते. मी आठवेल तसं लिहून काढलं आहे. तुम्ही वाचून चुकलेलं सांगा, कारण मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोचवताना माझ्याकडून काही सुटलं असेल.

आजी: "गाडीवाल्याला सांग, हळू."

मी: "बाबा, हळू."

तुम्ही: "पंचेचाळीसवर आहे म्हणावं."

आजी: "पंचावन्न आहे."

काटा पंचावन्नवर होता. तुम्ही तो खाली आणलात.

आजी: "विचार त्याला, तिकडे खातो काय?"

तुम्ही: "डबाबंद घेवडा म्हणावं."

आजी: "तरीच. आवाज बारीक झालाय."

मग पूल मागे पडला. नऊ मैल झाले, मी काट्याखालचे आकडे बघत होते. मग तुम्ही म्हणालात, "तिला सांग, डोळे मीही मिटले नव्हते."

मी ते सांगण्याआधीच ती हसायला लागली होती. "विचार, मग ह्याचे कसे शाबूत राहिले?"

तुम्ही म्हणालात, "गेल्या वर्षी चष्मा लागला."

त्यानंतर ती किती वेळ हसली हे तुम्ही ऐकलंच. मी हसले नाही. मला दोघांचा राग आला होता. दोन वर्षं तीन माणसं एकेक खोटं पोटात धरून बसली आणि त्यातलं सगळ्यात मोठं माझं होतं, तरी राग आला. आता नाही.

आईच्या यादीत नाही असं एक तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमची नजर रस्त्यावर होती, आणि तशीही तुम्ही तिच्याकडे बघितलं नसतं, म्हणून तुम्हाला ते कळलं नसणार. हँक्सव्हिलपासून आपल्या दारापर्यंत, मुक्कामाचे तास सोडून, आजीनं मान उजव्या खिडकीकडे वळवून ठेवली होती. एकदाही सरळ केली नाही. तिला काही दिसत नव्हतं. खिडकीबाहेर खडक आहे की आभाळ हेही तिला कळत नव्हतं. मी हळूच म्हटलं, "आजी, मान अवघडेल." ती म्हणाली, "अवघडू दे." दुसऱ्या दिवशी मान हलेना. मी चार दिवस तेल लावून चोळली. मग तिनं स्वतः शाईची डबी मागितली.

ऑपरेशन पाऊण तासाचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. सर्जननी बोटं दाखवून किती आहेत विचारलं, तर ती स्वतःच्याच हातांकडे बघत बसली. "हे एवढे म्हातारे हात कुणाचे?" म्हणाली. मग आईचे पिकलेले केस बघितले आणि त्यांवरून हात फिरवला. मला म्हणाली, तू बारीक झालीस, आणि हा सदरा तुला शोभत नाही. घरी येताना तिनं रस्ताभर सगळ्या पाट्या मला वाचायला लावल्या. तिला वाचता येत नाही, पण अक्षरं दिसतात हे तिला मला दाखवायचं होतं. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत. मी भिंतीवर तक्ता लावला आहे.

आज सकाळी तिनं तुमच्यासाठी निरोप दिला. तुम्ही गेल्यापासून खोकायची तिची सवय मोडली आहे आणि आता घसा बसतो. शिवाय तिला दिसायला लागल्यापासून ती सारखी बाहेर असते, कधी मेंढ्यांकडे, कधी मक्यात, नेम नाही. तेव्हा शुक्रवारी तुम्ही टेकाडाच्या वळणावर आलात की हॉर्न वाजवायचा. ती जिथे असेल तिथे पाठ करून उभी राहील, तुम्ही गाडी लावून मेंढवाड्यामागे गेलात की मी तिला सांगेन.

हॉर्न दोनदा वाजवा म्हणते. एकदाच वाजवलात तर पाण्याचा टँकरवाला आला असं समजून ती बघेल.

तुमची,
ऑर्लिंडा